पाण्याखालचा मंजूर थांबा

मागच्या श्रावणात एका मंगळवारी सकाळी बेटाकडे जाणारा डोंगा एसटीच्या थांब्यावरून न थांबता पुढे गेला. थांबा पाण्याखाली होता. डोंग्यात गटशिक्षणाधिकारी, त्यांचा लिपिक, बेटावरच्या शाळेचे गुरुजी, नावाडी, कंडक्टर आणि मी इतके जण होतो. पाऊस नव्हता, वारा नव्हता, डोंग्यात बिघाड नव्हता. कंडक्टर डोंग्यावर आल्यापासून असे प्रथमच घडले, याला नावाडी आणि गुरुजी या दोघांनीही दुजोरा दिला.

हिंगणीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला हे छोटे धरण आहे. ते बांधले तेव्हा खालचे गाव उठले आणि बहुतेक लोक सेलूच्या बाजूला जाऊन वसले. गावालगतची टेकडी मात्र बुडाली नाही. तिच्यावर ज्यांची शेते होती ती पंधराएक घरे वर सरकली आणि तिथेच राहिली. काही मासेमारी करणाऱ्या ढिवरांची, काही बौद्धांची, दोन-तीन गोंडांची. पाणी चढले की टेकडीचे बेट होते. दिवाळीनंतर पाणी उतरू लागते, वैशाखात एका बाजूने गाळाची पट्टी उघडी पडते आणि बेटाची पुन्हा टेकडी होते. सरकारी कागदांत ते बेट आहे की टेकडी, हे कागद कोणत्या महिन्यात लिहिला गेला त्यावर अवलंबून असते.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका दैनिकाचा सेलूचा वार्ताहर होतो. दैनिकाला बेट वर्षातून तीनदा लागे. आषाढात ‘बेटाचा संपर्क तुटला’, थंडीत स्थलांतरित बदकांचे छायाचित्र, आणि उन्हाळ्यात ‘धरणाने गाठला तळ’. या तीन कामांसाठी मी बेटावर जात असे, आणि दर वेळी मला कंडक्टर भेटत.

ते खरोखरच एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर टेकडीवरच्या घरी परतले तेव्हा ग्रामपंचायतीने बेटासाठी एक डोंगा घेतला होता, म्हणजे साधी लाकडी नाव, आठ-दहा माणसे बसतील एवढी. वल्हवायला एक ढिवर नावाडी नेमला होता. कंडक्टर कोणी नेमला नव्हता. एके सकाळी कंडक्टर खाकी सदरा घालून आले आणि डोंग्याच्या मागच्या फळीवर उभे राहिले. त्यानंतर ते उतरलेच नाहीत, असे नावाडी सांगे.

आठवडाभरात त्यांनी डोंग्यावर दोन बांबू उभे केले, त्यांना दोरी बांधली आणि दोरीच्या पुढच्या टोकाला, नावाड्याच्या कानापाशी, बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा लावली. एक टोल म्हणजे थांबा. दोन टोल म्हणजे चला. कंडक्टर आणि नावाडी यांच्यात फार तर दोन हातांचे अंतर असे. नुसते ‘चल’ म्हटले असते तरी चालले असते. पण डबल बेल मिळाल्याशिवाय नावाड्याने वल्हे पाण्यात घालायचे नाही, असा नियम होता.

“येकदा मले खोकला आला होता,” नावाड्याने मला सांगितले. “म्हणलं, कंडक्टरसाहेब, सुटू का? तर म्हनते, ड्रायव्हरनं प्रवाशाशी बोलू नये. मी म्हणलं, तुमी प्रवासी हाय का? तर म्हनते, ड्युटीवर बोलू नये.”

नावाड्याला ते ड्रायव्हर म्हणत आणि डोंग्याला गाडी. पुढची फळी महिलांसाठी राखीव होती आणि तसे तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले होते. चढायचे मागून, उतरायचे पुढून. कोणी पुढून चढला तर त्याला गुडघाभर पाण्यातून वळसा घालून मागे यावे लागे. भाडे नव्हते, तिकीट नव्हते, तरीही ते प्रत्येकापुढे वाकून विचारत, “कुठं?”

डोंगा एकाच ठिकाणाहून निघून एकाच ठिकाणी जात असे.

पहिल्याच खेपेला मी ‘पलीकडे’ असे उत्तर दिले. “पलीकडं नावाचं गाव या मार्गावर नाई,” कंडक्टर म्हणाले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी ‘बेटावर’ म्हणेपर्यंत डबल बेल झाली नाही. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी, जिचा जन्म खालच्या गावातला, हातातली पिशवी सावरत म्हणाली, “सांगून टाका ना जी. मले रोज इचारते. त्याच्या घरासमोर राह्यतो मी.”

जनावरांबाबत ते एसटीचेच नियम लावत. कोंबडी चाले, पाय बांधून, मांडीवर. बकरीला मनाई होती. पोळ्याला बेटावरचे बैल पलीकडे गावात न्यावे लागत, ते पोहत नेत; तेव्हा कंडक्टर डोंग्यातून त्यांच्याकडे पाहतही नसत, कारण ती खासगी वाहतूक होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी बेटावरची पोरे नवे कपडे घालून, लाकडी बैल घेऊन डोंग्यात बसत. लाकडी बैलाला चाके असतात. ते सामान धरायचे की जनावर, यावर पहिल्या वर्षी बराच खल झाला. शेवटी बैल मांडीवर घ्यायचा आणि शेपटी बाजूच्या प्रवाशाला टोचणार नाही अशी धरायची, असे ठरले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी अर्धे बेट रिकामे होई. तेव्हा ते जादा गाडी सोडत, म्हणजे तोच डोंगा, तोच नावाडी. फक्त पुढे ‘जादा’ लिहिलेली पाटी. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाणाऱ्यांसाठीही तीच पाटी. पाटीशिवाय दुसरी खेप त्यांना मान्य नव्हती.

हे सगळे लोक चालवून घेत. बेटावर करमणुकीची साधने फार नाहीत, आणि कंडक्टरांच्या काळात डोंगा वेळेवर सुटत असे, हेही खरे होते. लोकांची खरी तक्रार थांब्याबद्दल होती.

खालच्या गावाला पूर्वी एसटीची गाडी होती. गावाच्या वेशीजवळ सिमेंटचा छोटा निवारा होता. तीन भिंती, एक बाक, वर सपाट छत. धरण भरले तेव्हा तो बुडाला. टेकडीकडे जाणारा डोंग्याचा मार्ग नेमका त्याच्यावरून जातो. तिथे आले की कंडक्टर एक टोल देत. नावाडी वल्हे उचले. डोंगा पाण्यावर हलका डुलत उभा राही. कंडक्टर बुडालेल्या गावाचे नाव मोठ्याने घेत आणि विचारत, “उतरनारे कोनी हाय का?” मग डाव्या-उजव्या बाजूला वाकून पाहत, चढणारेही कोणी नाही याची खात्री करत, आणि डबल बेल देत.

पावसात, धुक्यात, बाळंतपणाला निघालेली बाई डोंग्यात असतानाही हे घडले. त्या बाईच्या सासूने त्यांना दिलेल्या शिव्या बेटावर अजून सांगितल्या जातात.

“पाण्यात कायचा थांबा जी?” हा प्रश्न त्यांना बेटावरच्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी विचारला होता. मीही विचारला. त्यांचे उत्तर ठरलेले होते.

“मार्ग बंद झाल्याचा आदेश आला होता. माह्याच डेपोत आला. मी सोता वाचला. त्याच्यात थांबा बंद झाल्याचं लिहेल नाई.”

“पण मार्गच बंद झाला तर...”

“मार्ग येगळा, थांबा येगळा. मार्ग बंद करनारा साहेब येगळा असते.”

गावात गेलेली शेवटची गाडी त्यांच्याच ड्युटीत सुटली होती, हे मला नंतर नावाड्याकडून कळले. नोकरीत ते तेव्हा नवे होते. त्या दिवसाबद्दल मी विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की गाडीला गर्दी होती आणि लोकांनी टपावर दरवाजे, चौकटी बांधून आणल्या होत्या, ज्याला परवानगी नाही.

थंडीत पाणी हळूहळू मागे सरके. उघड्या पडलेल्या ओल्या काठावर लोक हरभरा पेरत, आणि पौष-माघात पलीकडच्या किनाऱ्यावर हिरव्या हरभऱ्याचा हुळा भाजण्याचा वास डोंग्यापर्यंत येई. बदके येत. दैनिकाचे छायाचित्रकार येत. धुके असले की कंडक्टर गळ्यातली शिटी वाजवत, बदके उडत, छायाचित्रकार चिडत. होळीच्या सुमारास निवाऱ्याचे छत पाण्याबाहेर दिसू लागे, आधी काळसर डागासारखे, मग खाटेएवढे. कंडक्टर त्या दिवशी घरी गोड करत.

वैशाखात निवारा पूर्ण उघडा पडला की ते फावडे आणि बादली घेऊन जात. आतला गाळ काढत, भिंती धूत, बाकावर बसलेले शेवाळ खरवडत. मग चुना लावत आणि भिंतीवर गावाचे नाव तांबड्या अक्षरांत नव्याने लिहीत. त्या सुमारास गाळाची पट्टी वाळलेली असे आणि लोक तीवरून पायी, सायकलने, मोटारसायकलने ये-जा करत. रानडुकरेही त्याच वाटेने येत आणि काठावरची टरबुजे फोडत, म्हणून बेटावरचे लोक उन्हाळ्याला कंटाळत. पाणी होते तोवर डुकरे नव्हती. कंडक्टर पट्टीवर पाय ठेवत नसत. जुन्या नाल्यात म्हशीच्या गुडघ्याएवढे पाणी उरे; तेवढ्यातून ते डोंगा नेत, निम्मा वेळ ढकलत. त्या दिवसांत प्रवासी बहुधा एकच असे, त्यांची नात.

नात तिसरीत होती. तिचे आईवडील बुटीबोरीला कारखान्यात कामाला, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून ती आजोबांजवळ राहून बेटावरच्या शाळेत शिकत होती. आजी नव्हती. घरात ही दोघेच. ती त्यांना आबाजी म्हणे आणि त्यांच्या नियमांतली भोके शोधणे हा तिचा छंद होता.

“आबाजी, थांब्यावर येक मासोळी चढली तर?”

“जनावर चालत नाई.”

“कोंबडी चालते न?”

“पाय बांधून.”

“मासोळीले पाय कुठं हाय?”

कंडक्टर अशा वेळी दुसऱ्या प्रवाशाकडे वळून “कुठं?” असे विचारत.

शाळेचा प्रश्न गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात निघाला. बेटावरच्या शाळेत मुले थोडी. अशा शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करायच्या, असे वरून आले होते. अपवाद फक्त ज्या वस्त्यांना वर्षभर जायला-यायला सोय नाही अशांचा. बेट अपवादात बसते की नाही हे पाहण्यासाठी पथक येणार होते. पथकाने मे महिना निवडला. पावसाळ्यात तिथे जाता येत नाही, हे त्याचे कारण कार्यालयाने दिले.

कंडक्टरांच्या मुलाचा बुटीबोरीहून फोन आला. शाळा बंद झाली तर पोरीला घेऊन जातो, पावसाळ्यात तिला रोज डोंग्यातून पाठवायचे नाही, असे त्याने सांगितले. फोन गुरुजींच्या मोबाइलवर आला होता, कारण बेटावर फक्त शाळेच्या ओट्यावर रेंज मिळते. बोलणे संपल्यावर कंडक्टरांनी फोन परत दिला आणि गुरुजींना विचारले, “पथक कोनत्या गाडीनं येनार?”

बेटावर बैठक झाली. मे महिन्यात टेकडीचे बेट कसे करायचे, हा विषय होता. एकाने पट्टीवर चर खोदायचे सुचवले. दुसऱ्याने सरपंचांमार्फत आमदारांकडे पाण्याची मागणी करू म्हटले. शेवटी कंडक्टरांची योजना मान्य झाली. त्या दिवशी पट्टीवरून कोणीही चालायचे नाही. पथकाला नाल्यातून डोंग्याने आणायचे. नाल्याच्या दोन्ही काठांना बेशरमाची झुडपे माणसाहून उंच वाढतात. डोंग्यात बसलेल्याला पट्टी दिसत नाही. तहसीलने मागे एका प्रात्यक्षिकानंतर बेटावर वाटलेली नारिंगी जीवरक्षक जाकिटे गोळा करून पथकाला घालायची. जाकिटे शोधायला वेळ लागला. एकात कोंबडी अंडी घालत होती. एक टरबुजाच्या वाडीत बुजगावण्याच्या अंगात होते.

“आज थांब्यावर थांबू नका, बरं,” नावाडी त्या सकाळी कंडक्टरांना म्हणाला.

“थांबतो म्हणून कोनं सांगतलं?”

पथकात विस्तार अधिकारी आणि पुढे श्रावणात गटशिक्षणाधिकाऱ्यांबरोबर आला तोच लिपिक असे दोघे होते. दोघांनी उन्हात जाकिटे घातली. डोंगा नाल्यात शिरला, बेशरमाच्या मधून पुढे सरकला. लिपिकाने काठ घट्ट धरला होता. योजना व्यवस्थित चालली होती. निवारा आला, आणि एक टोल झाला.

याबद्दल मी कंडक्टरांना नंतर विचारले. हात सवयीने गेला की ठरवून? ते म्हणाले, “थांबा आला होता.”

डोंगा थांबला तो गाळात रुतला. अधिकाऱ्यांनी मान वर केली. समोर नुकताच चुना दिलेला निवारा होता.

“हे काय आहे?”

“थांबा, साहेब.”

“कशाचा?”

“येस्टीचा. मंजूर हाय.”

“इथे गाडी येते?”

“गाडी येत नाई. थांबा हाय.”

“म्हणजे चालू आहे?”

नावाडी या ठिकाणी खोकला. कंडक्टर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “बंद झाल्याचा आदेश नाई.”

आजूबाजूला सावली एवढीच होती. पथक उतरून निवाऱ्यात जाऊन बसले. थांब्यावर उतरलेले ते इतक्या वर्षांतले पहिले प्रवासी. निवाऱ्याच्या मागच्या भिंतीला झरोका आहे. त्यातून वाळलेली पट्टी दिसत होती, आणि पट्टीवरून डोक्यावर टरबुजांची टोपली घेतलेली नावाड्याची बायको येत होती. सेलूचा बाजार होता. तिला सूचना मिळाली होती, पण टरबुजांना थांबवता येत नव्हते.

जाकिटे घातलेले दोन अधिकारी पाहून ती झरोक्यापाशी थांबली. “डोंग्यात काऊन बसले जी? तिकडून पायी आले असते तं चहा झाला असता आतापर्यंत.”

बेटावर पथक पायीच गेले. अहवाल आठ दिवसांत आला. वस्ती रस्त्याने जोडलेली असून मार्गावर एसटीचा निवारा असलेला थांबा सुस्थितीत आढळला, असे त्यात होते. शाळा मोठ्या शाळेत विलीन करण्याची शिफारस होती. सुस्थितीत हा शब्द बेटावर बरेच दिवस वापरला गेला, बहुतेक वेळा कंडक्टरांच्या पाठीमागे, काही वेळा समोर. बाळंतिणीच्या सासूने त्यांना चुना कोणत्या दुकानातला म्हणून विचारले. नात दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डोंग्यात बसल्यावर, ते “कुठं?” असे विचारण्याआधीच, “बुटीबोरी” असे उत्तर दिले.

त्या खेपेला डबल बेल उशिरा झाली.

ग्रामपंचायतीने ठराव केला, हरकत घेतली. जून उजाडला, शाळा तात्पुरती सुरू झाली, पाऊस लागला, पट्टी गेली, निवाऱ्याचे छतही गेले. मग श्रावणात निरोप आला की गटशिक्षणाधिकारी स्वतः पाहणी करणार आहेत.

ते त्या मंगळवारी आले. किनाऱ्यावर उभे राहून त्यांनी पाण्याकडे बराच वेळ पाहिले.

“पाणी तर आहे,” ते म्हणाले.

“पाणी आहे, साहेब,” लिपिक म्हणाला, “पण थांबाही आहे. मी स्वतः बसलो होतो.”

“रस्ता नाही हे दिसतेच. थांबा पाहू. थांबा चालू असेल तर मला अहवाल बदलता येणार नाही.”

हे ते डोंग्यापाशी, मोठ्याने बोलले. कंडक्टर मागच्या फळीवर उभे होते. त्यांनी ते ऐकले. साहेब पुढून चढले, आणि त्यांना मागे पाठवले गेले नाही.

“कुठं?”

“शाळेत.”

“शाळा बेटावर हाय.”

“मग बेटावर.”

डबल बेल झाली. डोंगा निघाला. गुरुजी स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. अर्धे अंतर गेल्यावर नावाड्याने मागे वळून पाहिले. वल्हवताना तो मागे पाहत नसे. त्याला घंटा पुरे. कंडक्टरांचा हात दोरीवर होता. थांब्याची जागा ओळखायला पाटी नाही, पण त्या मार्गाने नेहमी जाणाऱ्यांना ती कळते. डावीकडे एका वाळलेल्या अंजनाच्या झाडाचा शेंडा पाण्याबाहेर दिसतो, तो डोंग्याच्या रेषेत आला की खाली निवारा असतो.

शेंडा रेषेत आला.

“इथेच कुठेतरी होता साहेब,” लिपिक म्हणाला.

“काय हो कंडक्टर,” साहेबांनी विचारले, “थांबा कुठे आहे?”

“कोनता थांबा जी?”

“अहवालात आहे तो. एसटीचा.”

कंडक्टरांनी दोरी सोडली. खिशातून रुमाल काढला, हात पुसले, रुमाल घडी करून ठेवला.

“पाण्यात कायचा थांबा, साहेब,” ते म्हणाले.

नावाड्याचे एक वल्हे चुकले. डोंगा थोडा वाकडा झाला आणि सरळ झाला. शेंडा मागे पडला. लिपिक काही बोलू लागला. साहेबांनी त्याला हाताने थांबवले आणि कागदावर काही लिहिले. मी शेजारी बसलो होतो. ‘थांबा आढळून आला नाही’ असे ते वाक्य होते.

बेटाच्या किनाऱ्यावर मुले रांगेत उभी होती, गुरुजींनी तशी सूचना दिली होती. डोंगा लागला. साहेब उतरले. कंडक्टरांची नात रांग सोडून पुढे आली.

“आबाजी, बेल नाई आयकू आली.”

“सुपर होती,” कंडक्टर म्हणाले. “सुपर सगळीकडं थांबत नाई.”

“आपल्या गाडीले सुपर कधीपासून?”

“रांगेत उभी राहा.”

पाहणी तासाभरात आटोपली. साहेबांनी मुलांना पाढे विचारले, चहा घेतला, शाळेच्या ओट्यावरून कार्यालयाला फोन लावला. परत किनाऱ्याकडे आणतानाही डोंगा मध्ये थांबला नाही.

महिन्याभरात आदेश आला. शाळा पुढील पाहणीपर्यंत बेटावरच ठेवावी, असे त्यात म्हटले होते. पुढील पाहणी मे महिन्यात होईल, असे कार्यालयातून मला फोनवर सांगण्यात आले. कारण विचारल्यावर पावसाळ्यात तिथे जाता येत नाही, असे उत्तर मिळाले. नात आता चौथीत आहे. बेटावरची शाळा चौथीपर्यंत आहे.

त्या मंगळवारी साहेबांची जीप सेलूच्या दिशेने गेल्यावर मी किनाऱ्यावर मोटारसायकल सुरू करत होतो. गुरुजी बेटावरच राहिले होते. डोंगा परत निघाला तेव्हा त्यात नावाडी आणि कंडक्टर एवढे दोघेच होते. वाळलेल्या अंजनापाशी एक टोल ऐकू आला. डोंगा थांबला. कंडक्टर एका बाजूला वाकले, मग दुसऱ्या बाजूला. ते काय म्हणाले हे इतक्या लांबून ऐकू आले नाही. मी मोटारसायकल बंद केली. बऱ्याच वेळाने दोन टोल झाले.